हादऱ्यांची कॅसेट

यंदा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सास्तूरच्या जमिनीतून पहिला आवाज आला, तेव्हा रोहिणी बनसोडे आपल्या सेवा केंद्रात एका म्हाताऱ्याचा अंगठा यंत्रावर टेकवून घेत होती. दुपारचे सव्वाबारा वाजून गेले होते. आधी वाटलं, रस्त्यावर कुणीतरी ट्रॉलीचं फाळकं आपटलं. पण आवाज पायाखालून आला होता. टेबलावरचा तांब्या थरथरला, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीची काच किणकिणली आणि सगळं पुन्हा होतं तसं झालं. म्हाताऱ्यानं अंगठा काढून घेतला आणि पायात चपलाही न अडकवता तो बाहेर जाऊन उभा राहिला. रांगेतली पन्नाशीच्या पुढची सगळी माणसं त्याच्यामागं गेली. तरुण पोरं मात्र मोबाईलमध्ये डोकं घालून आतच बसली.

रोहिणीनं घड्याळ बघितलं आणि समोरच्या पावतीच्या पाठीमागं लिहिलं, '१२.१७, दोन सेकंद.' लिहून झाल्यावर तिचं तिलाच कळलं, आपण काय केलं. अशी नोंद तिनं बत्तीस वर्षांत केली नव्हती. तिनं पावती फाडली, तुकडे टोपलीत टाकले, आणि जरा वेळानं टोपलीतून काढून पुन्हा जुळवून बघितले.

सास्तुरात रोहिणीला न ओळखणारं माणूस नाही. उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, पोरांचे फॉर्म, पेन्शनचे हयातीचे पुरावे, सगळं तिच्या हातून जातं. नवरा संघपाल उमरग्याच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक होता, आता निवृत्त. आई मुक्ताबाई तिच्याजवळच असते, आणि आडनाव रोहिणी अजून माहेरचंच लावते. एक्कावन्न वर्षांची ही बाई कीबोर्डवर अशी बोटं चालवते की लोहाऱ्याच्या तहसीलमधले कारकून बघत राहतात. तुम्ही हे कुठं शिकलात, असं कुणी विचारलं की ती म्हणते, "आमच्या काकांकडं."

काका म्हणजे तात्याराव गुरुजी. रोहिणीच्या वडिलांचे धाकटे भाऊ, शाळामास्तर, एकटा जीव. बाकी बनसोडे गावाबाहेरच्या वस्तीत पत्र्याच्या घरांत राहत; तात्यारावांनी मात्र गावात, ऐन मधोमध, दगडामातीचं माळवदाचं घर घेतलं होतं. दोन हात जाडीच्या भिंती, वर लाकडी माळवद आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. त्या घराचा त्यांना फार अभिमान होता. आणि दुसरा अभिमान होता तो एका काळ्या यंत्राचा. पाठ्यपुस्तकाएवढं, रबरी बटणांचं, कोपऱ्यात चार रंगांचे तिरके पट्टे असलेलं. पुण्याचा एक ओळखीचा इंजिनिअर परदेशी निघाला तेव्हा १९८८ साली त्यानं ते गुरुजींना देऊन टाकलं. घरगुती संगणक! सास्तुरात त्या वेळी टीव्हीच मोजून सहा होते. हे यंत्र त्यातल्याच एका काळ्यापांढऱ्या टीव्हीला जोडायचं आणि प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरमधून, साध्या गाण्याच्या कॅसेटवरून, आत घ्यायचा. घेताना असा किरकिरता, कानात घुसणारा आवाज निघायचा की मुक्ताबाई चुलीपासून ओरडायची, "भावजी, बंद करा ते! ढोरं बुजायलीत."

दहावी झाल्यावर रोहिणी टायपिंगच्या परीक्षा देऊ लागली. काकांनी तिला यंत्रापुढं बसवलं तेव्हा ती पहिल्यांदा चिडलीच. एक बटण दाबलं की अक्षर उमटण्याऐवजी अख्खा शब्द उमटायचा. पण पंधरा दिवसांत ती काकांच्या पुढं गेली, आणि दोन महिन्यांनी रविवारच्या क्लबात तिच्यावाचून कुणाचं पान हलेना.

हा क्लब भरायचा उमरग्याला, बंडप्पांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. सातजण होते. बंडप्पा स्वतः, तात्याराव, आण्णासाहेब कंपाउंडर, जिनिंगमधला एक सुपरवायझर, एस.टी.तला एक तिकीट कारकून, कॉलेजातला एक पोरगा आणि रोहिणी. सातांत मिळून यंत्रं दोन. सोलापूरहून, हुबळीहून अशाच हौशी लोकांची पोस्टकार्डं यायची, 'मासिकातल्या प्रोग्रॅमच्या ओळ ३४० मध्ये छापील चूक आहे, तेथे स्वल्पविराम घालावा.' त्या एका स्वल्पविरामासाठी आधी अख्खा रविवार गेलेला असायचा. कॅसेटी एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हातून इकडून तिकडं जायच्या. मासिकाच्या झेरॉक्सवरून आण्णासाहेब ओळी वाचायचे, रोहिणी टाइप करायची, आणि तीनशे ओळी झाल्या की हमखास लाईट जायची आणि टाइप केलेलं सगळं पुसलं जायचं. दुकानात एकदम काळोख, सातजणांचा एकच उसासा, आणि मग बंडप्पांचं हसणं. "यव्वा, पुन्हा एकपासून!" त्यांची आई कानडी मुलखातली; ते रोहिणीला रोहिणव्वा म्हणायचे. दुसऱ्या खेपेला ती न बघताच टाइप करायची. त्या खोलीत कुणी तिची जात विचारली नाही, पोरीच्या जातीला हे कशाला असंही कुणी म्हणालं नाही. तिच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे रविवार तेच.

मग १९९२ची दिवाळी आली आणि जमीन हलू लागली.

लहान लहान धक्के. भांडी वाजायची, पोपडे पडायचे. लोक घरं सोडून अंगणात, शेतात झोपू लागले. तात्यारावांनी आढ्याला गवंड्याचा ओळंबा टांगला, त्याच्या टोकाखाली बारीक वाळूचं ताट ठेवलं. धक्का बसला की ओळंबा वाळूत रेघ ओढायचा. गुरुजी पट्टीनं ती मोजायचे. त्या आकड्यांसाठी रोहिणीनं स्वतः प्रोग्रॅम लिहिला. मासिकातला नाही, आपल्या डोक्यानं रचलेला. तारीख आणि रेघेची लांबी घातली की पडद्यावर उभ्या दांड्यांचा आलेख यायचा. सुरुवातीला तिचं नावही यायचं, रोमन लिपीत. अठरा वर्षांच्या पोरीला आणखी काय पाहिजे होतं!

नोव्हेंबरातल्या दांड्या उंच होत्या. डिसेंबरात त्या बुटक्या झाल्या. जानेवारीत पडद्यावर जवळजवळ काही नव्हतंच. आलेख बघायला गुरुजींच्या घरी लोक यायचे. त्यांत शेजारची कडूबाई होती. तिची धाकटी पोर थंडीनं खोकून खोकून निळी पडायची. पदराला धरून एक पोरगा, काखेत ती पोर, अशी ती दारात उभी राहिली आणि तिनं विचारलं, "आत झोपावं का गं रोहिणी?"

रोहिणीनं पडद्याकडं बोट केलं. "झोपा मावशी. थांबलंय आता."

फेब्रुवारीत टायपिंगची मोठी परीक्षा होती, म्हणून तिनं नोंदी सोडल्या. १९९३चा सप्टेंबर सरता सरता, गणपती बुडवल्यावर, पहाटे चारच्या आत भूकंपानं गाव बसलं. पत्र्याची वस्ती वाचली. दगडामातीची जाड भिंतींची घरं जागच्या जागी ढीग झाली. तात्याराव गेले. कडूबाई गेली, तिच्या दोन्ही पोरी गेल्या. पोरगा, उत्तरेश्वर, गोठ्यात बापाजवळ झोपला होता म्हणून राहिला.

रोहिणीला कुणी काही म्हणालं नाही. जानेवारीत तर अख्खं गावच घरात गेलं होतं, कुणाला विचारून नव्हे. पण तिच्या मनात एक गोष्ट रुतून बसली ती बसलीच. आपण नोंदी सोडल्या. सोडल्या नसत्या तर सप्टेंबरात दांड्या पुन्हा वाढताना दिसल्या असत्या.

लष्कराच्या जवानांनी ढिगाऱ्यातून काढून दिलेली काकांची पत्र्याची पेटी मुक्ताबाईनं खाटेखाली ठेवली. रोहिणीनं ती पंचवीस वर्षं उघडली नाही. मग क्लबातल्या उरलेल्या चौघांचा व्हॉट्सअॅपवर गट झाला. यंत्राच्या स्मरणशक्तीवरून त्याला 'अठ्ठेचाळीस के' असं नाव दिलं. एखाद्या लग्नातल्या फोटोलाही आज जेवढी जागा पुरत नाही, तेवढ्यात या लोकांनी आपली पाच वर्षं बसवली होती. बंडप्पा आता एकोणऐंशीचे. दुकानात मोबाईलची कव्हरं विकतात, पण मागच्या खोलीत त्यांचं स्वतःचं जुनं यंत्र अजून चालतं. त्यांनी पेटीतल्या कॅसेटी मागितल्या. एकेक साफ करून ते लावत आणि पडद्याचे फोटो टाकत. आण्णासाहेब पुण्याहून लिहायचे, 'हा सापाचा खेळ! या खेळापायी मी एकाला चुकीचं औषध देणार होतो.' सगळे हसायचे, रोहिणीही. एका कॅसेटवर मात्र काकांच्या अक्षरात 'हादरे' असं होतं. ती लावू नका, असं रोहिणीनं बजावलं होतं. बंडप्पांनी लावली नाही.

आवाज वाढत गेले. आठवड्यात तीन, मग रोज एक. जिल्ह्याहून अधिकारी आले. पावसाचं पाणी भूगर्भातल्या पोकळीत शिरलं की आतली हवा कोंडते आणि असा आवाज होतो, घाबरू नका, अफवा पसरवू नका, असं त्यांनी शाळेच्या पटांगणात सांगितलं. त्यांचं बोलणं चालू असतानाच एक आवाज झाला. माईक कुंई करून ओरडला. अधिकाऱ्यांनी क्षणभर पायांकडं बघितलं आणि वाक्य पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोहिणी उमरग्याच्या गाडीत बसली.

"ती कॅसेट लावा," ती बंडप्पांना म्हणाली.

बंडप्पांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. "खरंच म्हणतीस?"

"व्हय."

मागच्या खोलीत त्यांनी टीव्ही लावला, यंत्र जोडलं, कॅसेट बसवली. किरकिर सुरू झाली, पडद्याच्या कडेनं करड्या पट्ट्या धावल्या आणि अर्ध्यावर येऊन थांबल्या. वाचता आलं नाही, असा संदेश उमटला. पुन्हा तेच. बंडप्पांनी बारीक स्क्रूड्रायव्हर काढला. टेपरेकॉर्डरच्या हेडला एक स्क्रू असतो, तो केसाएवढा फिरवला तर आवाज धारदार होतो. पूर्वी ते हे काम कानावर करायचे.

"आता मला वरची पट्टी ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. "तू ऐक, मी फिरवतो. धार आली की सांग."

रोहिणीनं कान स्पीकरला लावला. "अजून... अजून थोडं. मागं घ्या. हां! हितंच."

पाच मिनिटं टेप फिरत राहिली. मग पडद्यावर रोमन लिपीत तिचं नाव आलं, सास्तूर आलं, १९९२ आलं. तिनं बटण दाबलं. नोव्हेंबर, उंच दांड्या. डिसेंबर. जानेवारी. पुढं फेब्रुवारी, मार्च. तिनं सोडलेल्या महिन्यांपासून काकांनी नोंद चालू ठेवली होती! एकही दिवस चुकला नव्हता. रेघ उमटली नाही त्या दिवशी आकडा शून्य, आणि शून्याची दांडी दिसत नाही म्हणून त्यांनी प्रोग्रॅमात एक ओळ वाढवून तिथं ठिपका काढला होता. एप्रिल सगळे ठिपके. मेमध्ये एक छोटी दांडी. जून, जुलै, ऑगस्ट, ठिपके. तिचं बोट बटणावर थांबलं.

"दाब," बंडप्पा हळूच म्हणाले.

सप्टेंबर. एका ओळीत एकोणतीस ठिपके. पुढं काही नाही.

"काहीच नव्हतं," रोहिणी म्हणाली. "काका रोज बघत होते. त्यांनाबी काहीच दिसलं न्हाय."

बंडप्पांना वाटलं ती रडेल. ती रडली नाही. बत्तीस वर्षांचं ओझं उतरल्यासारखं तिला क्षणभर वाटलं खरं. पण त्याच्या पाठोपाठ जो विचार आला तो त्याहून वाईट होता. आजवर तिला वाटत होतं की जमीन आधी सांगते, आपण ऐकलं नाही. आता कळलं की ती सांगतच नाही. मग हे रोजचे आवाज कशाचे? आणि उद्या आवाज बंद झाले तर ते बरं की वाईट?

ती गावात पोचली तेव्हा उत्तरेश्वर केंद्राच्या पायरीवर बसला होता. एक्केचाळीस वर्षांचा, कपाळावर टिळा, सोयाबीनच्या फवारणीचा वास अंगाला. तिनं कुलूप काढलं, तो तिच्यामागं आत आला आणि उभाच राहिला.

"ताई, गावात म्हनायलेत, तुमी गुरुजींचं मशीन बघाया उमरग्याला गेलता. त्याच्यावर कळतंय म्हनं."

"कोन म्हनलं?"

"सगळेच." तो म्हणाला. "माझी सृष्टी वरच्या मजल्यावर झोपती. बारावीला हाय, अभ्यासाला वर जाती. सांगा, वर झोपू द्यावं का तिला?"

रोहिणी खुर्चीत बसली. ज्या गोष्टीला ती बत्तीस वर्षं भीत आली होती, ती आता तिनं आपणहून बोलायचं ठरवलं. "उत्तरेश्वर, तुझ्या आईनंबी मला हेच इचारलं होतं. मी तिला..."

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "म्या पदराला धरून हुबा व्हतो."

 रोहिणीनं त्याच्यापुढं खुर्ची सरकवली, तो बसला नाही.

"इतकी वर्सं मी तुमच्याकडनं दाखले नेतोय," उत्तरेश्वर म्हणाला. "जन्माचे, उत्पन्नाचे, बाप मेला तवा मरनाचा. कवा काय बोललो न्हाय. तुमच्यावर राग हाय का न्हाय, ते माझं मलाच ठावं न्हाय, ताई. राग असंल तर ह्या मशीनवर असंल, नसंल तर कशावरच नसंल. पन आज पोरीचा जीव हाय. खरं काय ते सांगा."

"मला कळत न्हाय," रोहिणी म्हणाली. "कुठल्याच मशीनवर कळत न्हाय. काकांनी एकोणतीस तारखेपर्यंत मोजलं. सगळं शून्य." तिनं मोबाईलमधला पडद्याचा फोटो त्याच्यापुढं धरला. त्यानं बोटानं ठिपके मोजले, अगदी शेवटपर्यंत, आणि मोबाईल परत दिला. 

"मग करावं काय?"

"तुजं घर दाखव."

भूकंपानंतर सरकारनं बांधून दिलेली घरं बुटकी, दोन खोल्यांची, भिंतींत काँक्रिटचे पट्टे घातलेली होती. वर मजला चढवू नका, असं तेव्हा घरोघर सांगितलं होतं. रोहिणीलाही ते आठवत होतं. पण बत्तीस वर्षं म्हणजे माणसाला विसरायला पुष्कळ झाली. पोरं मोठी झाली, सुना आल्या, जागा पुरेना. आता उत्तरेश्वरच्या गल्लीतून चालताना तिनं पहिल्यांदा मान वर करून बघितलं. एकावर एक विटा, त्यावर गच्ची, गच्चीला दगडी कठडा, कठड्यामागं पाण्याच्या टाक्या. खाली त्याच बुटक्या दोन खोल्या. गाव पुन्हा जड झालं होतं आणि कुणालाच ते दिसलं नव्हतं. तिलाही नाही, ती रोज खाली मान घालून लोकांच्या कागदांवर बघत होती.

उत्तरेश्वरचा जिना घराच्या मागून होता. दोघं वर निघाली. अर्ध्या जिन्यात असताना आवाज झाला. आतापर्यंतच्या सगळ्यांपेक्षा मोठा, लांबलेला, एखादा दगड खोल विहिरीत गडगडत जावा तसा. कठड्यावरची कबुतरं एकदम उडाली. खाली गोठ्यातल्या म्हशीनं दावं ओढलं. रोहिणीनं भिंतीला हात टेकला आणि हाताखाली तिला चुना सुटल्याचं कळलं.

हात काढला तर तिथं चीर होती. खालच्या जुन्या भिंतीचा आणि वरच्या नव्या विटांचा जिथं सांधा होता, तिथून आडवी, पार कोपऱ्यापर्यंत गेलेली. उत्तरेश्वरनं तिच्यात अंगठ्याचं नख घातलं. नख आत गेलं.

"ही आजची न्हाय," तो म्हणाला. "आतली माती कळकट हाय बगा. कवाची पडलीय कुनास ठावूक."

"सृष्टी कुठाय?"

"वर."

त्यानं हाक मारली नाही, धावतच वर गेला आणि पोरीला हाताला धरून, वह्यापुस्तकांसकट खाली घेऊन आला. पोरगी वैतागली होती. "बाबा, नुसता आवाज तर झाला!" त्यानं तिला अंगणात लिंबाखाली बसवलं आणि रोहिणीला विचारलं, "सोयाबीन निघाल्यावर पाडू का वरचं?"

रोहिणीनं जिन्याच्या भिंतीकडं बोट केलं.  गोठ्यातून पहार आणि घण घेऊन तो गल्लीच्या तोंडाशी गेला आणि शेतावरून परतणाऱ्या दोघा चुलतभावांना त्यानं थांबवून घेतलं. पाऊण तासात टाकीचं पाणी सोडून दिलं, टाकी दोरानं खाली घेतली आणि दगडी कठड्यावर पहिला घण पडला. चार वाजले होते. ऊन होतं, आभाळ स्वच्छ होतं.

घणाचा आवाज ऐकून गल्लीतले लोक बाहेर आले. ते अंगणात थांबले नाहीत. जो तो आपापल्या गच्चीवर चढला, आपापल्या कठड्याला टेकून उभा राहिला. "उत्तरेश्वर, येड लागलं का रं?" समोरच्या घरावरून कुणीतरी विचारलं आणि हशा पिकला. दोघातिघांनी मोबाईल काढून चित्रण सुरू केलं. एका बाईनं कठड्यावर तान्हं पोर उभं धरलं होतं, त्यालाही गंमत दिसावी म्हणून.

रोहिणी अंगणात उभी राहून त्यांना ओरडून सांगत होती, "खाली या! मी सांगते ते ऐका, पोरं घेऊन खाली या!" घणाच्या दणक्यात तिचं बोलणं वरपर्यंत पोचत नव्हतं. काहींनी तिला ओळखून हात हलवला.